न कापलेली स्टिक

"कंबरेचं हाड दाखव," इंगवले सर म्हणाले.

अनुजाने जाकीट आणि आतले दोन स्वेटर वर करून कंबरेवर बोट ठेवलं. सरांनी तिची स्टिक तिच्या शेजारी जमिनीवर उभी धरली, बोटाच्या उंचीवर खडूची रेघ मारली आणि मग ती स्टिक गेस्ट हाउसच्या पायरीवर आडवी टाकून तिच्यावर पाय ठेवला. करवत सुरू झाली. काळी भुकटी बर्फावर पडायला लागली आणि प्लास्टिकची बादली जळाल्यासारखा वास सुटला. वरचा तुकडा गळून पडला तो चांगला हातभर होता.

"पुढची."

पुढची निलोफर होती, पण ती गोलकीपर. गोलकीपरची स्टिक खाली फळीसारखी रुंद असते. ती कुठून कापायची हे सरांना समजेना, म्हणून ती तेवढी वाचली. निलोफरने मिरजेहून निघाल्यापासून पहिल्यांदाच देवाचे आभार मानले असतील.

लेहमधला जानेवारी होता. महाराष्ट्राच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेला आला होता. संघ म्हणजे तरी काय, तर पुण्या-सांगलीकडच्या आम्ही पंधरा-सोळा पोरी, चाकांचे स्केट्स घालून सिमेंटच्या रिंकवर रोलर हॉकी खेळणाऱ्या. त्याआधी बर्फ बघितला होता तो रसवंतीतला, गोणपाटाखालचा.

सर मूळचे खडकीचे, मैदानी हॉकीतले. तिथल्या क्लबात वाढलेले, राज्याकडून खेळलेले. आम्हाला रोलर हॉकी त्यांनीच शिकवली आणि ती झकास शिकवली, हे आधीच सांगून टाकते. पहाटे साडेपाचला रिंकवर आमच्याआधी हजर असायचे. पण मैदानी हॉकीची स्टिक कंबरेपर्यंत असते आणि आमच्या रोलर हॉकीचीही जवळपास तेवढीच. त्यामुळे हॉकीची स्टिक म्हणजे कंबरेपर्यंत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आणि एकदा तिथे काही बसलं की ते उठत नसे.

या स्टिक कॅनडातल्या कुठल्याशा मराठी मंडळाने तिथल्या क्लबांकडून गोळा करून पाठवल्या होत्या. वापरलेल्या, ओरखडे पडलेल्या, कुणाकुणाची नावं चिकटवलेल्या. खोकं थेट लेहला आलं. उघडलं तेव्हा आम्ही थंडी विसरून नाचलो. सगळ्या स्टिक मोठ्या माणसांच्या मापाच्या होत्या. आमच्यातल्या बुटक्या पोरींच्या तर त्या कपाळाला लागत होत्या. म्हणजे कापायच्या होत्याच, त्यात वाद नाही. प्रश्न कुठे कापायच्या एवढाच होता.

माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातात दुसऱ्या ढिगातली स्टिक होती.

आइस हॉकीच्या स्टिकच्या पात्याला बाक असतो, कुणाचा उजवीकडून मारायचा, कुणाचा डावीकडून. मैदानी हॉकीत डावी स्टिक नसतेच, नियमातच बसत नाही. त्यामुळे सरांनी डाव्या बाकाच्या स्टिक भिंतीशी टाकून दिल्या होत्या. मी त्यातलीच एक उचलली होती.

"ए ढमढेरे, तू डावखुरी आहेस का?"

"नाही सर."

"मग ती ठेव तिकडे. उजवी घे."

"सर, मी उजवा हात वर धरते. पहिल्यापासून. काम सगळं वरचा हात करतो ना, खालचा नुसता ढकलतो. उजवा वर म्हटलं की मारणार डावीकडूनच."

आमच्या रोलरच्या स्टिकचं पातं दोन्हीकडून सपाट असतं, त्यामुळे माझं हे उलटं धरणं इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. सरांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग खांदे उडवले.

"असू दे. मारून मारून काय मारणार आहेस, डिफेन्सला तर आहेस. आण इकडे. कंबर दाखव."

"नको सर."

"काय नको?"

"कापायची नको. ही मला बरोबर आहे."

मी संघात सगळ्यात उंच. घरात, कॉलेजात, लग्नाकार्यात सगळीकडे 'खांब' म्हणून ऐकून घेतलेली. पहिल्यांदा त्या उंचीच्या मापाचं काहीतरी हातात आलं होतं. मी तिथेच पायरीवर बसून स्केट्स चढवले, कडक बर्फावर उभी राहिले आणि स्टिक समोर उभी धरली. वरचं टोक हनुवटीला लागलं. मग वाकून खेळायच्या पवित्र्यात आले तर पातं सपाट टेकलं, पाठ सरळ राहिली. अनुजाकडून तिची कापलेली मागून घेतली आणि तेच केलं, तर डोकं गुडघ्यात गेलं.

"बघा सर. आणि खालच्या तळ्यावर त्या पोरी खेळतायत ना, त्यांच्या बघा. सगळ्यांच्या हनुवटीपर्यंत."

गेस्ट हाउसच्या खाली एक गोठलेलं तळं होतं. लेहमधल्या शाळकरी मुली सकाळपासून तिथे खेळत होत्या. वातावरणाची सवय व्हावी म्हणून आम्हाला खोलीत पडून राहायला सांगितलं होतं, आणि मी खिडकीत बसून त्यांनाच बघत होते. एकीची म्हणून स्टिक कंबरेशी नव्हती.

सरांनी तळ्याकडे एक नजर टाकली. "गरिबाघरच्या पोरी आहेत. भावांच्या जुन्या काठ्या घेऊन खेळतात. लांब असणारच."

"पण सर..."

"ढमढेरे, मी हॉकी खेळायला लागलो तेव्हा तुझ्या आईवडलांचं लग्न झालं नव्हतं. तू मला शिकवणार?"

पोरी खाली बघत होत्या. अनुजा आमची कॅप्टन, लोणी काळभोरची, वाघासारखी पोरगी, तीसुद्धा बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिली. तिची तर कापून झाली होती.

"मॅचपर्यंत वेळ देतो," सर म्हणाले. "कापलीस तर खेळशील. नाही कापलीस तर बेंचवर बसून टाळ्या वाजव."

मला भयंकर राग आला. मी कॉलेजची परीक्षा बुडवून आले होते. वर्ष वाया जाणार हे माहीत असताना, आईशी आठवडाभर अबोला धरून आले होते, ते काय टाळ्या वाजवायला? मला खेळायचं होतं. बर्फावर, खऱ्या रिंकवर, एकदा तरी. पण कंबरेएवढी स्टिक घेऊन खेळायचं म्हणजे घोड्यावर बसवून पाय बांधून ठेवण्यासारखं होतं. मी स्टिक उचलली आणि खोलीत गेले. त्या रात्री ती अंथरुणात घेऊन झोपले. निलोफर हसली, पण तिने तिच्या बाजूची रजाई सरकवून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन होतं. भोवती मातकट डोंगर, मध्ये उघड्यावरचा रिंक, कडेला बर्फाच्या बांधावर बसलेले गावकरी, हातात चहाचे थर्मास. सगळे संघ ओळीने उभे राहिले, प्रत्येकीने स्टिक समोर धरलेली. हिमाचलच्या मुली, दिल्लीच्या, लडाखच्या. हनुवटी, हनुवटी, हनुवटी. आणि मग आम्ही, लग्नात वाढपी उभे असतात तशा, हातात पळ्या धरल्यासारख्या.

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "झाडू लाये हैं क्या?" मोठा हशा पिकला.

अनुजाचे कान लाल झाले. आमच्यातली सर्वांत लहान, सांगलीची प्रणोती, तिच्या डोळ्यांतून सरळ पाणी यायला लागलं आणि गालावरच गोठलं. मी ओळीच्या टोकाला होते. माझी एकटीची स्टिक हनुवटीला होती आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

मी सरांकडे बघितलं. ते झेंड्याकडे बघत होते.

आता तरी चूक कळली असेल, असं मला वाटलं. माझ्या मागची कटकट तरी संपली असेल. कसलं काय. गेस्ट हाउसवर परत येताच ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत. लक्षात आहे ना?"

मला काही समजेना. एवढं सगळं डोळ्यांनी बघूनही या माणसाचं तेच!

सकाळी मॅच लडाखबरोबर होती. कपडे बदलायला लष्करी कापडाचा एक तंबू दिला होता. आत रॉकेलची शेगडी, तिच्याभोवती आम्ही पॅड बांधत बसलेल्या. बोटं वाकत नव्हती. निलोफरच्या पायाचे पट्टे मी आवळून देत होते तेव्हा ती खाली वाकून पुटपुटली.

"एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग."

"काल उद्घाटन झाल्यावर माझा ग्लव्ह रिंकवर राहिला म्हणून मी परत गेले. सर तिथे होते. लडाखच्या पोरींच्या स्टिक बांधाला टेकवून ठेवलेल्या, त्यातली एक उचलून त्यांनी स्वतःपुढे उभी धरली. हनुवटीला लावली. मग कंबरेला लावून बघितली. परत हनुवटीला. मग ठेवली आणि तिथेच उभे राहिले. मी हाक मारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून नाही मारली."

माझे हात पट्ट्यावर थांबले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात सर आत आले. हातात करवत होती.

"ढमढेरे. चल."

"सर, ही कापून काय होणार आहे?"

"संघ आहे हा. सगळ्यांचं सारखं पाहिजे."

"सर, काल तुम्ही त्यांची स्टिक हनुवटीला लावून बघितलीत."

कुणी मान वर केली नाही. निलोफरने माझ्या बोटावर बोट दाबलं, पण आता उशीर झाला होता. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला दंडाला धरून तंबूच्या दाराशी नेलं.

"हो, बघितली," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "मग? कापलेलं जोडता येतं का? सांग ना. आता या पोरींना काय सांगू, की मी तुमच्या स्टिक वाया घालवल्या, जा आता आणि मार खा? मॅचच्या आधी? आहे त्यात लढतील बिचाऱ्या, पण शेजारी तू ती लांबलचक घेऊन उभी राहिलीस की प्रत्येकीला दर मिनिटाला दिसणार. आपल्या हातात काय आहे आणि काय असायला हवं होतं. तुझी एकटीची कापली की सगळं सारखं. मग प्रश्नच उरत नाही."

मला क्षणभर त्यांची कीव आली. दाढी न केलेले, ओठ फुटलेले, बोटांना करवतीचे फोड. आणि दुसऱ्याच क्षणी आधीपेक्षा जास्त राग आला. कारण समजलं नाही म्हणून कापणारा माणूस वेगळा. हे समजूनउमजून माझी कापायला आले होते, कशासाठी, तर चूक झाकायला.

"त्यांना दिसलंय सर," मी म्हणाले. "काल सगळ्या गावाला दिसलंय. माझी कापून ते झाकणार नाही. मी नाही कापणार."

"मग बस बाहेर."

"बसते."

बसले. तीनपैकी पहिल्या पिरियडमध्ये आमच्यावर सात गोल झाले. सात! लडाखच्या पोरी लांबूनच स्टिक घालून पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती, काढून घ्यायच्या आणि आमच्या पोरी कंबरेत वाकून, हात लांबवून, पकच्या वीतभर अलीकडे बर्फ खरवडत राहायच्या. त्यात ती हवा. दहा पावलं पळालं की छातीत आग. निलोफर गोलमध्ये एकटी अंगावर घेत होती. तिच्यासमोर अडवायला कुणी पोचतच नव्हतं. मी बेंचच्या टोकाला स्टिक मांडीवर घेऊन बसले होते आणि दात इतके आवळले होते की नंतर दोन दिवस जबडा दुखला.

दुसरा पिरियड सुरू झाला. आइस हॉकीत खेळाडू बदलायला खेळ थांबवावा लागत नाही. पंचाला विचारावं लागत नाही. एक जण बेंचकडे आली की दुसरी रिंकभोवतीच्या लाकडी फळीवरून उडी टाकून आत. मिनिटा-मिनिटाला बदलतात, त्याहून जास्त वेळ दम टिकतच नाही. आत कुणी जायचं ते प्रशिक्षक ठरवतो, अशी पद्धत. पण तशी ती पद्धतच.

अनुजा आत जाऊन जेमतेम दहा सेकंद झाले असतील. ती वळली आणि सरळ माझ्याकडे आली. दमलेली दिसत नव्हती. फळीला धडकून थांबली आणि हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघितलं.

"मला दम लागला," ती मोठ्याने म्हणाली. मग हळूच, "जा की, बघतेस काय."

मी उठले. सरांनी मागून माझ्या खांद्यावर टाकलेल्या जाकिटाला धरलं. जाकीट त्यांच्या हातात राहिलं आणि मी फळीवरून आत पडले, अक्षरशः पडले, गुडघ्यावर. बांधावर लोक हसले. उठेपर्यंत लडाखची एक पोरगी पक घेऊन सुसाट आमच्या गोलकडे निघाली होती. तिला गाठणं शक्य नव्हतं. मी गाठलंच नाही. मी तिरकी गेले, उजवा हात पूर्ण लांब केला आणि एका हाताने स्टिक बर्फावरून पुढे सारली. पात्याचं टोक पकला लागलं. पक कडेच्या फळीवर आपटला. ती पोरगी मोकळ्या स्टिकने दोन पावलं पुढे गेली आणि मग थांबून तिने मागे बघितलं.

एवढंच. एक पक अडवला. पण आमच्या बेंचवरून अशी आरोळी उठली की बांधावरचे लोकही टाळ्या वाजवायला लागले.

"ढमढेरे! बाहेर ये!"

मी ऐकलं. न ऐकल्याचं सोंग वगैरे केलं नाही, चांगलं ऐकलं आणि गेले नाही. कारण एकदा त्या फळीच्या बाहेर आले की सर मला पुन्हा आत जाऊ देणार नव्हते. मिनिटभराने जायची वेळ झाली, नाही गेले. माझ्या आजूबाजूच्या पोरी बदलत राहिल्या. प्रणोती आली, ती जाताना माझ्या कानाशी म्हणून गेली, "जायचं नाही हं, चारूताई." दुसरी आली, तीही तेच म्हणाली. छातीत कुणी तिखट भरल्यासारखं झालं होतं. डोळ्यांसमोर मधूनमधून पांढरं व्हायचं, आणि सगळंच पांढरं असल्यामुळे ते चक्करेचं की बर्फाचं तेही कळत नव्हतं.

"मागे ये," निलोफर ओरडायची. "माझ्याजवळ ये, टेक इथे, श्वास घे."

शिट्टी झाली की मी तिच्या गोलच्या खांबाला टेकायचे. ती तिच्या अवजड पॅडने मला एका बाजूने टेकू द्यायची. पुन्हा खेळ सुरू झाला की पुन्हा निघायचे.

गोल थांबले नाहीत, उगाच फुशारकी नको. आणखी दोन झाले. पण एकदा मी अडवलेला पक प्रणोतीच्या पायाशी गेला आणि तिने त्या पळीएवढ्या स्टिकने, जवळजवळ बर्फावर झोपून, तो त्यांच्या गोलवर मारला. त्यांच्या गोलकीपरने आरामात पकडला. आम्ही मात्र गोल झाल्यासारख्या किंचाळलो. मॅच सुरू झाल्यापासून त्यांच्या गोलकीपरला पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

"ढमढेरे, लेखी तक्रार करीन! पुन्हा राज्याकडून खेळणार नाहीस!"

ते त्यांनी खरंच केलं. बेशिस्तीचा अहवाल गेला आणि पुढचे दोन मोसम मला निवड चाचणीला बोलावलं नाही. त्या वेळीही मला ते खोटं वाटलं नव्हतं. सर पोकळ धमक्या देणाऱ्यातले नव्हतेच. मी फक्त मनात म्हटलं, करा काय करायचं ते, आत्ता मी आत आहे.

दुसरा पिरियड संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा मी रिंकच्या मध्यावर होते. पाय गेले. बर्फावर उताणी पडले आणि वर निळंशार आभाळ बघत राहिले. तोंडातून वाफेचे लोट निघत होते. मग दोन पोरींनी काखेत हात घालून उठवलं आणि आम्ही तिघी घसरत बेंचकडे निघालो.

फळीचं दार उघडून सर उभे होते. दुसऱ्या हातात माझं जाकीट. त्यांनी मोकळा हात पुढे केला.

"स्टिक दे."

सगळ्या पोरी आत येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. कुणी बसली नाही. अनुजाने आपली अर्धी स्टिक काखेत मारली होती आणि ती सरांच्या पाठीकडे रोखून बघत होती.

माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

"पाणी द्या सर," मी म्हणाले. "स्टिक कशी देऊ? अजून एक पिरियड बाकी आहे."

सरांचा हात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं, स्टिककडे बघितलं. मग ते बाकाखाली वाकले, थर्मास काढला, झाकणात कोमट पाणी ओतलं आणि ज्या हाताने स्टिक मागितली होती, त्याच हाताने ते माझ्यापुढे धरलं.